दैवाचा पाचवा वाटा

डोंगर चढताना झालेली इजा हा जसा वैद्यकाचा विषय आहे तसा धर्मविचाराचाही आहे. घोटा मोडला तर हाड बसवणे डॉक्टरचे काम. पण तो कोणामुळे मोडला, आणि पोटापाण्याची गरज नसताना शरीर अशा जागी नेण्याचा अधिकार माणसाला आहे का, हे प्रश्न प्लास्टर घालून मिटत नाहीत. घरातली वडीलधारी मंडळी ते आपल्या पद्धतीने विचारतातच. आधी ‘कुणी सांगितले होते तिथे कडमडायला?’ आणि घटकाभराने, ‘असो, नशिबात होते.’ पहिले वाक्य दोष कर्त्याच्या पदरात घालते, दुसरे तो काढून घेते. दोन्ही एकाच तोंडून, एकाच खाटेपाशी निघतात आणि कुणाला त्यात खटकत नाही. भारतीय परंपरेला मात्र ते खटकले आहे. कर्ता कुठे संपतो आणि दैव कुठे सुरू होते यावर तिने पिढ्यान् पिढ्या वाद घातला आहे. प्रस्तरारोहणातल्या इजा आणि त्या टाळण्याचे उपाय या वादाच्या उजेडात ठेवले तर दोन्हींचा उलगडा होतो.

त्यासाठी बंगळूरसारखे सोयीचे शहर नाही. शहर स्वतः समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, आणि पन्नास-साठ किलोमीटरच्या आत रामनगर, सावनदुर्ग, शिवगंगा, नंदी असे उघडेबोडके ग्रॅनाइटचे डोंगर. रामनगरचे जुने नाव क्लोजपेट. त्यावरून या खडकाला भूशास्त्रात क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात आणि त्याचे वय अडीच अब्ज वर्षांच्या घरात आहे. मराठी माणसाने हे कातळ ‘शोले’तले रामगढ म्हणून पाहिलेले असतात. इतिहासातही त्यांची ओळख आहे: १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, शहर पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि तिथला सत्ताधीश केंपेगौडा मागडीकडे सरकून सावनदुर्गाच्या आश्रयाला राहिला. सावनदुर्गाच्या पायथ्याशी आज वीरभद्र आणि नरसिंह यांची देवळे आहेत, शिवगंगेच्या माथ्यावर नंदी आहे. एकाच डोंगराच्या एका अंगाने भाविक अनवाणी चढतात आणि दुसऱ्या अंगाने दोर बांधलेली पोरे. दोघांचेही पाय घसरू शकतात.

शरीर जाणूनबुजून धोक्यात घालावे का, हा पहिला प्रश्न. धर्मशास्त्राचे सर्वसाधारण उत्तर नकारार्थी आहे; आत्मघात हे पाप, शरीर हे धर्माचे साधन. पण याच शास्त्रात एक अपवाद होता आणि तो नेमका कड्याशी जोडलेला होता. ‘भृगुपतन’ म्हणजे उंच कड्यावरून स्वतःला झोकून देऊन देह ठेवणे. असाध्य रोगाने किंवा वार्धक्याने जर्जर झालेल्यांना काही स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी ही मुभा दिली होती. पुढे ती कलिवर्ज्यांच्या यादीत गेली, म्हणजे या युगात करू नये अशा गोष्टींत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या चर्चेचा तपशील आहे. यादीत गेली म्हणून प्रथा लगेच थांबली असे झाले नाही. नर्मदेकाठी ओंकार मांधात्याच्या कड्यावरून भैरवाच्या नावाने उड्या घेतल्या जात, त्या १८२४ च्या सुमारास ब्रिटिश अमलात बंद पडल्या. बंगळूरजवळच्या शिवगंगेलाही असा एक कडा आहे. होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला ११३१ साली शिवगंगेला वारली हे शिलालेखांवरून कळते. तिने कड्यावरून उडी घेतली ही लोकांनी जपलेली कथा. तिची आई माचिकब्बे हिने त्यानंतर श्रवणबेळगोळला सल्लेखना, म्हणजे जैनांचे आमरण उपोषण, घेतली, असेही लेख सांगतो.

आरोहकाला या रांगेत बसवता येत नाही, कारण त्याचा संकल्प उलट दिशेचा आहे. त्याच्या पाठपिशवीतली एकेक वस्तू, दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर, मरण लांब ठेवण्यासाठी आहे. भृगुपतनात पडणे हे साध्य. आरोहणात ते केवळ शक्यता, आणि तीही कमी करण्यात अर्धी कला खर्ची पडते. दोराशिवाय एकट्याने चढणाऱ्यांबद्दल हेच म्हणता येईल का, याचे उत्तर सोपे नाही. ॲलेक्स होनॉल्ड ३ जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या एल कॅपिटन या सुमारे ९०० मीटर उंच भिंतीवर विनादोर चढला, तेव्हा त्याने त्या मार्गाची तयारी आधी दोर लावून, वर्षभराहून अधिक काळ केली होती. मरण्याचा संकल्प तिथेही नव्हता. तरी चुकीला जागाच न ठेवणे हे संकल्पाच्या शुद्धतेने भरून निघत नाही, असे म्हणणाऱ्यांचे पारडे जड वाटते.

संकल्प शुद्ध असून माणसे पडतात, हीच खरी अडचण. म्हणून परंपरेतली दुसरी, कमी गाजलेली कल्पना इथे जास्त उपयोगी पडते: प्रमाद. प्रमाद म्हणजे गैरसावधपणा. चूक हा त्याचा नंतरचा, उथळ झालेला अर्थ. महाभारतातल्या सनत्सुजातीयात सनत्सुजात धृतराष्ट्राला सांगतो की मृत्यू म्हणून वेगळे काही नसून प्रमाद हाच मृत्यू आहे. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशात अप्रमाद आहे. पण प्रमादाची सर्वांत काटेकोर व्याख्या केली ती जैनांनी. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ जीव घेणे पुरेसे मानलेले नाही. ते गैरसावध वर्तनातून घडले पाहिजे. कुंदकुंदाचार्यांनी ‘प्रवचनसारा’त याची दुसरी बाजू मांडली: जीव मरो वा जगो, गैरसावध वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागलाच, आणि जपून पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली किडा मेला तरी त्याला कर्माचा बंध नाही.

हा विचार कातळावर आणून पाहावा. १९८९ साली फ्रान्समधल्या ब्यू इथे लिन हिल ही त्या काळातली जगातली अव्वल आरोहक सरावाचा सोपा मार्ग चढली. वर पोहोचून ती खाली येण्यासाठी मागे रेलली आणि दोर हार्नेसमधून सरळ निसटला. तिने दोर ओवला होता, गाठ मारली नव्हती. मध्येच तिचे लक्ष दुसरीकडे गेले आणि अंगावरच्या जाकिटाखाली ती अर्धवट राहिलेली गाठ कुणाला दिसली नाही. ती वीस मीटरांहून अधिक खाली कोसळली, झाडात अडकत आल्यामुळे वाचली. कोपर निखळले, पावलाचे हाड मोडले. आता कल्पना करावी की त्याच दिवशी वर पोहोचल्यावर तिला खाली चालत यायला सोपी वाट असती. ती हसत खाली आली असती, गाठ नव्हती हे कदाचित कधीच कळले नसते. कुंदकुंदांच्या मोजमापाने दोन्ही दिवसांचा दोष सारखा. परिणाम पाहून दोष ठरवण्याच्या सवयीवर पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली बोट ठेवले. बेफाम गाडी हाकणाऱ्या दोघांपैकी ज्याच्यासमोर पोर आले तोच गुन्हेगार का, असा त्यांचा प्रश्न. दहाव्या शतकाच्याही पूर्वीच्या जैन आचार्यांना तो नवा वाटला नसता.

व्यवहारात याचा अर्थ असा की इजा टाळण्याचे शास्त्र अपघातांवर नव्हे, ‘थोडक्यात वाचलो’ या प्रसंगांवर उभे राहते. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचे विश्लेषण छापतो; नावे ठेवण्यासाठी नव्हे, तीच चूक दुसऱ्याने करू नये म्हणून. आपल्याकडे थोडक्यात वाचलेला माणूस घरी येतो, आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते, पेढे वाटले जातात आणि प्रसंग संपतो. ओवाळायला हरकत नाही, पण दोर का घासला गेला याची वहीत नोंद राहत नाही ती नाहीच.

आता दुसरा प्रश्न: इजेचा कर्ता कोण? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणवायूंच्या हालचाली. गीता प्रत्येक गोष्टीला चिकटवण्याची हल्ली फॅशन आहे आणि तिच्यापासून सावध राहिलेले बरे. पण करण या शब्दात हत्यारेही धरली आणि चेष्टेत हातापायांची हालचाल, तर अपघाताच्या चौकशीला याहून नेटकी चौकट क्वचितच सापडेल. मुद्दा असा की दैव यादीत आहे, पण शेवटी आहे, आणि पाचांत एक आहे. आधीच्या चारांचा हिशेब झाल्याशिवाय पाचव्याचे नाव घेता येत नाही.

अधिष्ठानापासून सुरुवात. बंगळूरच्या व्यायामशाळांतल्या कृत्रिम भिंतींवर होणाऱ्या इजा बहुतेक पडण्याच्या नसतात, झिजण्याच्या असतात. दिवसभर कळफलकावर चालणारी बोटे संध्याकाळी अर्ध्या पेराच्या पकडीवर सगळे वजन तोलतात. बोटातला स्नायुबंध हाडाला धरून ठेवणाऱ्या ज्या कड्या असतात त्यांतली बोटाच्या मुळाजवळची, जिला ए-टू पुली म्हणतात, ती सर्वांत जास्त दुखावते. विशेषतः बोट पूर्ण दुमडून त्यावर अंगठा दाबणाऱ्या पकडीत. पुली तुटली तर कधी कधी ‘टक्’ असा आवाज शेजारच्यालाही ऐकू येतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, स्नायुबंध आणि कड्या त्यांच्या मागे महिनोन् महिने रेंगाळतात. ताकद वाढल्याचा आनंद नेमका या अंतरात घात करतो. उपाय कंटाळवाणे आहेत: बोटे आधी नीट गरम करणे, उघड्या बोटाच्या पकडीचा सराव, आठवड्यात विश्रांतीचे दिवस, दुखायला लागताच थांबणे. वाढत्या वयाच्या मुलांत बोटाच्या सांध्याजवळचे दुखणे हाडाच्या वाढीच्या पट्टीला झालेली इजा असू शकते. तिथे चिकटपट्टी गुंडाळून चढत राहणे हा शूरपणा ठरत नाही. खांदा, कोपर आणि मनगट यांचेही असेच. आहार, विहार, झोप आणि जाग यांत मध्यम राहणाऱ्यालाच योग साधतो असे गीता सहाव्या अध्यायात सांगते. या बाबतीत फिजिओथेरपिस्टही तेच सांगतो.

शरीराची दुसरी मर्यादा उंचीची. बंगळूरहून विमानाने निघालेला माणूस दोन-तीन दिवसांत उत्तराखंडात ३००० मीटरच्या वर मुक्कामाला असतो. विरळ हवेशी जुळवून घेण्याची शरीराची गती ज्याची त्याची वेगळी असते आणि तिचा तंदुरुस्तीशी जवळजवळ संबंध नसतो. मॅरेथॉन पळणारा आडवा होतो आणि त्याच्यामागून येणारे पोट सुटलेले काका खुशाल जेवतात. ३००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य नियम. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे या पायरीवर वर जाणे थांबवावे. स्वस्थ बसले असतानाही धाप लागू लागली तर फुप्फुसात पाणी साचत असण्याचा संभव, आणि सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येईना तर मेंदूला सूज. या दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे. औषधे आणि प्राणवायू यांनी फक्त उतरायला वेळ मिळतो. देवाच्या वाटेवर नियम सैल होतात असे नाही. अमरनाथची गुहा ३८८८ मीटरवर आहे, आणि तिथल्या देवस्थान मंडळाने आरोग्याचा दाखला सक्तीचा करून तेरा ते सत्तर अशी वयाची मर्यादा घातली आहे. देवस्थानानेच दैवाचा वाटा कमी करायला घेतलेले हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

करणांमध्ये राजा दोर. चढाईसाठीचा दोर ताणला जातो आणि पडण्याचा झटका गिळतो. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, न ताणणारा दोर लीडसाठी, म्हणजे सर्वांपुढे राहून चढण्यासाठी, वापरला तर तोच झटका कंबरेला आणि अँकरला मिळतो. किती उंचीवरून पडलो यापेक्षा झटका गिळायला किती दोर होता हे महत्त्वाचे, म्हणून पडण्याची लांबी भागिले वापरात असलेल्या दोराची लांबी असे गुणोत्तर काढतात. बिले देणाऱ्यापासून, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्यापासून, दोन मीटर वर गेलेला, मध्ये एकही अँकर न लावलेला आरोहक चार मीटर पडतो, तेव्हा ते दोन येते; याहून वाईट गुणोत्तर नेहमीच्या चढाईत नाही. वीस मीटर दोर सुटल्यावर तेच चार मीटर पडणे जेमतेम ०.२. म्हणजे सुरुवातीचे, जमिनीजवळचे पडणे जास्त क्रूर असते. भीती मात्र उंच गेल्यावर वाढते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या कसोटीत एकेरी दोराला ८० किलो वजनाचे किमान पाच कडक झटके सोसावे लागतात आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या पुढे जाऊन चालत नाही. ही हमी नव्या, कोरड्या दोराची. ओला दोर ताकद गमावतो. ग्रॅनाइटच्या धारेवर घासलेला दोर एका दुपारीत निकामी होऊ शकतो. आणि एकदाही न वापरलेला दोर दहा वर्षांनी मोडीत काढावा असे बनवणारेच सांगतात.

खंडेनवमीला, कर्नाटकात जिला आयुधपूजा म्हणतात, सुतार आपला रंधा, रिक्षावाला आपली रिक्षा धुऊनपुसून पुजतो. पूजेचा मूळ भाग त्या पुसण्यात आहे. दोराच्या बाबतीत ही पूजा अशी होते: साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, सावलीत वाळवून, दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सरकवायचा. डोळे मिटून केले तर जास्त बरे. कुठे चपटेपणा लागतो, कुठे आतला गाभा पोचट होऊन दोर कागदासारखा दुमडतो, कुठे वरची वीण पिंजलेली असते. असे सापडले की दोर तिथे कापायचा. कॅराबिनरचे फाटक आपोआप मिटते का, हार्नेसच्या शिवणीचा रंग उडालाय का, हेही त्याच बैठकीत. बंगळूरला चाकाखाली लिंबू चिरडतात आणि कुंकवाचे बोट सगळीकडे लावतात. नायलॉनला आम्लाचे वावडे असल्यामुळे दोराला फक्त झेंडू दाखवून सोडलेले बरे.

हत्यारे चांगली असूनही गाठ अर्धवट राहते, हे लिन हिलच्या प्रसंगाने दाखवलेच. त्यावरचा इलाज म्हणजे चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना तपासणे. इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ नीट ओवलेली, शेपूट पुरेसे लांब. हार्नेसचा पट्टा बकलातून परत फिरवलेला. बिलेच्या साधनात दोर योग्य बाजूने. कॅराबिनरचा स्क्रू आवळलेला. आणि दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ. पाहायचे नुसते डोळ्यांनी नाही, हात लावून. अनुभवी माणसांना याची लाज वाटते, आणि तपासणीची खरी गरज त्यांनाच असते, कारण नवशिक्याचे लक्ष भीतीने गाठीवर खिळलेले असते. रॅपलिंगमध्ये एक टोक आखूड राहून माणूस दोराच्या टोकावरून निसटणे हा जगभरचा जुना, ओळखीचा अपघात. टोकांना गाठी आणि साधनाखाली दोरावर आवळून बसणारी एक प्रुसिकची गाठ, एवढ्याने तो टळतो. दोन मिनिटे लागतात.

चेष्टा, म्हणजे हालचाल, खडकाप्रमाणे बदलते. सावनदुर्गाचे कातळ ढाळाचे आहे. पकडायला काही नाही, बुटाच्या रबराचे घर्षण हाच आधार. तिथे पडणे म्हणजे हवेत पडणे नसून घसरत जाणे: तळहात आणि गुडघ्यांची साल निघते, बूट मध्येच अडकला तर घोटा मुरगळतो किंवा मोडतो. घसरताना खडकाकडे तोंड ठेवून पाय किंचित फाकवणे आणि हातांनी दोर न धरणे शिकून घ्यावे लागते. पावसाचे पाणी जिथून उतरते तिथल्या काळ्या पट्ट्या सुक्या असताना निरुपद्रवी, ओल्या झाल्या की शेवाळामुळे साबण. उलट सह्याद्रीत काळा बसाल्ट, थरांत फुटणारा. तिथे पकड हातात येते आणि तीच सुटून खालच्याच्या डोक्यावर जाते. ‘दगऽऽड’ अशी आरोळी ऐकताच वर न पाहता भिंतीला चिकटायचे, हा तिथला पहिला धडा, आणि हेल्मेट फक्त चढणाऱ्यासाठी नसून खाली उभ्या असलेल्या बिलेवाल्यासाठीही असते हा दुसरा. घसाऱ्यावर उतरताना एकामागे एक सरळ रांग धरली तर पहिल्याच्या पाठीत सगळ्यांचे दगड. नुकती चढण संपवलेले पाय थरथरत असतात आणि सुटकेचा भाव मनात आलेला असतो. उतरणीवरचे अपघात या दोहोंच्या संगमावर होतात.

कर्त्याचा वाटा सर्वांत अवघड, कारण तो तपासणारा आणि तपासला जाणारा एकच. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी भागातल्या सहस्रताल या चार हजार मीटरहून उंच जागेच्या वाटेवर २२ जणांचा एक गट परतताना बर्फाच्या वादळात सापडला. त्यांत कर्नाटकातले १८ जण होते, बहुतेक बंगळूरचे. एक जण महाराष्ट्रातला आणि तीन स्थानिक वाटाडे. नऊ जण दगावले. उरलेल्यांना पुढच्या दोन दिवसांत हवाई दल आणि बचाव पथकांनी उतरवले. त्या गटात कोणाचे काय चुकले हे बाहेरून ठरवणे अन्यायाचे होईल. वादळ हे दैवच. पण थंडीने मरण कसे येते हे ज्ञात आहे, आणि ते बंगळूरकराला माहीत असणे गरजेचे आहे, कारण त्याच्या शहरात तसली थंडीच पडत नाही. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की शून्याच्या वरच्या तापमानातही शरीर उष्णता टिकवू शकत नाही. आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस अडखळतो, बडबडतो, बोटांनी चेन लावता येत नाही. कुडकुडणे हे चांगले लक्षण; ते थांबले आणि माणूस तरीही थंडच असेल तर काळ जवळ आला. काही जण तर शेवटी उकडल्यासारखे होऊन कपडे काढू लागतात. ओले कपडे बदलणे, जमिनीपासून शरीर वेगळे ठेवणे, वाऱ्याआड नेणे, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय देणे, आडवे ठेवून हलक्या हाताने हलवणे, कारण धसमुसळेपणाने थंड हृदयाचा ठोका बिघडतो. आणि दारू अजिबात नाही.

हे सगळे शेवटचे उपाय. खरा निर्णय त्याआधी कित्येक तासांचा: किती वाजता, कुठे असलो तरी परत फिरायचे. ही वेळ तळावर, गरम चहा हातात असताना ठरवायची, कारण वर गेल्यावर माथा जवळ दिसतो आणि हिशेब बदलतो. निष्काम कर्माची कसोटी घ्यायची तर ती इथे घेता येते. माथ्याचे फळ सोडून दिलेला माणूस तयारीत काही कमी करत नाही. फक्त बारा वाजले की मागे वळतो. मागे वळायला गटातल्या सर्वांत दमलेल्याने सांगायचे असते, पण तो बहुधा लाजेने गप्प बसतो. म्हणून म्होरक्याने त्याला विचारण्याची पद्धत ठेवावी लागते.

कर्ता एकटा नसतो, हा मुद्दा धर्मशास्त्राच्या चर्चेत मागे पडला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये नंदी डोंगरावर एक १९ वर्षांचा विद्यार्थी एकटाच चढताना घसरून कड्याच्या मध्ये अडकला. येलहंक्याहून हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने त्याला उचलले. त्याच महिन्यात केरळात मलमपुळ्याजवळ एक तरुण कपारीत चाळीस तासांहून अधिक काळ अडकून पडला होता. त्याला सोडवायला वेलिंग्टन आणि बंगळूरहून सैन्याचे जवान गेले. दोघेही वाचले. दोन्ही वेळा कोणीतरी दुसरा दोरावर लटकला. महाराष्ट्रात लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर भागांत गिर्यारोहकांनीच चालवलेली बचाव पथके रात्री-अपरात्री दरीत उतरतात आणि पहाटे आपापल्या नोकरीला जातात. स्वतःचा जीव स्वतःचा आहे हा युक्तिवाद या माणसांपुढे टिकत नाही. बिले देणाऱ्याच्या बाबतीत तर मुळीच नाही: त्याचा प्रमाद दुसऱ्याच्या मणक्यावर उतरतो.

उरते पाचवे कारण. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतो की दैव म्हणून निराळी वस्तू नाही. काल केलेला प्रयत्न आज दैवाच्या रूपात समोर येतो. रामदासांनी प्रयत्नाला देवाच्या पंक्तीला बसवले तेही याच बळावर. दोर तुटला ते दैव, पण तो गेल्या वर्षी मोडीत काढायचा राहिला तो प्रयत्न. वाट सापडली नाही ते दैव, पण विजेरीचे सेल बदलायचे राहिले ते पौरुष, किंवा त्याचा अभाव. वसिष्ठाचे म्हणणे पूर्ण मान्य करायला मात्र जड जाते. शहाजीराजांनी आयुष्य घोड्यावर काढले, आणि जानेवारी १६६४ मध्ये कर्नाटकातच, होदिगेरेजवळ, शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. तिथे त्यांची समाधी आहे. प्रत्येक पडण्यामागे कालची हयगय शोधायचीच म्हटले तर ती सापडते, पण शोधणाऱ्याचे समाधान हा पुरावा नव्हे. इजा झालेल्याला तिच्यावरून दोष देण्याची घाई हाही एक प्रमादच.

दैवाच्या खात्यात काय राहते हे रामनगरच्या कातळावर दिसते. तिथल्या आणि सह्याद्रीतल्याही कड्यांच्या झुकत्या छपराखाली आग्या माश्यांची पोळी लोंबतात: एकच उघडे पोळे, सुपाएवढे, दुरून ओल्या डागासारखे. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा यांनी ते उठते, आणि दोरावर टांगलेल्या माणसाला पळता येत नाही. दंश झाले तर जागा सोडणे पहिले, नांग्या नखाने ताबडतोब खरडून काढणे दुसरे. ओठ-जीभ सुजू लागली किंवा श्वास कोंडला तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि दवाखाना, वाट न पाहता. हे खरोखर अचानक येते. तरीही या माश्या वर्षानुवर्षे त्याच छपराखाली परत येतात. पोळे उठून गेल्यावर खडकावर मेणाचा तपकिरी ठसा उरतो, दुर्बिणीतून तो स्पष्ट दिसतो, आणि पायथ्याच्या गावात मध काढणारा असतोच, त्याला त्या कड्यावरची प्रत्येक जागा आणि तिचा महिना पाठ असतो. रामनगरच्याच रामदेवर बेट्टावर, २०१२ साली जाहीर झालेल्या गिधाड अभयारण्यात, पक्ष्यांसाठी कडे सोडून द्यावे लागतात. माश्यांसाठीही तसेच काही मार्ग त्या महिन्यांपुरते सोडून देतात आणि चढाईच्या नकाशावर त्यांच्यापुढे पोळ्याची खूण करून ठेवतात.